आरशात बघायचं नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

तर नाही, मला ते अजिबात पटलेलं नाहीये. काल जेवताना आई बोलली की तुमची ती स्वतः चालणारी गाडी एकदा घोडबंदर रोडला आणून दाखवा, मग बोलू. आणि वर हसली. माझ्या तोंडात घास होता म्हणून वाचली. गाडी स्वतः चालेल की नाही हा प्रश्नच नाहीये. चालणारच आहे, आज ना उद्या. प्रश्न असा आहे की ती चालता चालता मध्येच "मला जमत नाही, आता तू घे" बोलली तर माणूस तयार असतो का. दहा मिनिटं मांडीवर हात ठेवून बसलेला माणूस, टुंग वाजलं की किती सेकंदांत रस्त्यावर परत येतो. हे मोजणारे लोक ठाण्यात किती आहेत? आम्ही. आणि आमच्यात हे प्रत्यक्ष मोजतं कोण? मी. आईला वाटतं मी व्हिडिओ गेम खेळायला जाते.

ही वही मराठीत लिहायचं कारण माझे बॉस, सुदेश सर. टेस्टला येणाऱ्या ड्रायव्हर लोकांसाठी सूचना मराठीत लिही बोलले. मी लिहिल्या, आईला दाखवल्या, तर ती तिसऱ्या ओळीला इतकी हसली की चहा सांडला. इंग्लिश मीडियमचं हे असं. बोलता येतं, लिहायला बसलं की लटकतं. म्हणून सराव. कोणी वाचणार नाही, चुका माझ्या मला माफ.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज जाम राग आलाय आणि तो पण दौलत काकांचा, म्हणजे जास्तच वाईट वाटतंय.

आधी आमची लॅब. कोलशेतला एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याची शेड आहे, त्यात एक अर्धी कापलेली गाडी ठेवलीय. सीट, स्टिअरिंग, ब्रेक, आतला आरसा, सगळं खरं. समोर तीन मोठे स्क्रीन, त्यावर रस्ता पळतो. डॅशबोर्डवर एक छोटा कॅमेरा, तो ड्रायव्हरची नजर पकडतो. सॉफ्टवेअरमध्ये मी समोरच्या रस्त्यावर एक चौकोन काढलाय. नजर चौकोनात असली तर लक्ष आहे, बाहेर गेली तर नाही. मी मागच्या सीटवर टॅब घेऊन बसते आणि लक्ष उडावं म्हणून ड्रायव्हरला काहीबाही विचारत राहते. मग अचानक टुंग. गाडी सोडते, ड्रायव्हरने घ्यायची. शेवटी शंभरपैकी मार्क येतात. सत्तरच्या वर म्हणजे चांगला.

आतापर्यंत चाळीस कॉलेजची पोरं बसवली. सर बोलले, खरे ड्रायव्हर आण. मी लगेच दौलत काकांचं नाव घेतलं. आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. बावीस वर्षं बस चालवतायत. आता आईच्याच कंपनीची स्टाफ बस, घरडा सर्कलवरून निघते, शीळफाट्याने ठाण्यात, ते कोलशेत. बसमध्ये सगळ्या पॅकिंगच्या बायका. आई म्हणते दौलतभाऊंच्या बसमध्ये उभ्याने चहा प्यायला तरी सांडत नाही. मी सरांना छातीठोक सांगितलेलं, सर, हे नव्वद आणतील.

एक्केचाळीस आणले.

बसले, आधी आरसा सरळ केला, त्यात माझ्याकडे बघून बोलले, "हां, आता दिसलीस." मी विचारलं भाज्यांची नावं सांगा, तर म्हणे कुठल्या सीझनच्या. मी बोलली कुठल्याही. तर म्हणे असं कसं, थंडीतल्या वेगळ्या. तिथपर्यंत मजा होती. पण टुंग वाजलं की नजर चौकोनात जायच्या ऐवजी वर माझ्याकडे. दर वेळी. आठ वेळा टुंग, आठ वेळा माझं तोंड. अहो काका, मी मागे बसलेय, ट्रक समोरून येतोय. बरोबर आलेल्या दोन ड्रायव्हरना बावन्न आणि अठ्ठावन्न. ते तर कधी आरशाकडे फिरकले पण नाहीत. सरांनी नुसती भुवई वर केली. ती भुवई मला रात्रभर पुरेल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पण मी काकांना तसं वाटू नाही दिलं. माझी आयडिया होती की तिघांना सर्टिफिकेट द्यायचं, सरांच्या सहीचं. कॉलेजच्या पोरांना पैसे मिळाले, ह्यांना पण मिळाले, पण मान कुठे मिळाला? रात्री बसून डिझाइन केलं. सोनेरी बॉर्डर, फोटो, नाव, खाली ॲटेन्शन स्कोअर. इंग्लिशमध्ये केलं, सर्टिफिकेट इंग्लिशमध्येच भारी दिसतं. सोबत एकेक गुलाब.

काकांनी दोन्ही हातांनी घेतलं. आकड्यावर बोट ठेवून विचारलं हे काय. मी बोलली, शंभरपैकी. ते बोलले, "म्हणजे पस्तीसच्या वर. दहावीला गणितात चौतीसवर अडकलेलो, बाळा. एका मार्काने."

इतके खूश होते की सत्तरचं मी सांगितलंच नाही. कशाला मूड घालवायचा.

१० नोव्हेंबर, सोमवार

आई सांगते, काकांनी सर्टिफिकेट लॅमिनेट करून बसमध्ये लावलंय, ड्रायव्हरच्या डोक्यावर, चढणाऱ्या प्रत्येकीला दिसेल असं. मला उगाच रडायला आलं. एवढ्याशा गोष्टीने माणूस किती खूश होतो, आणि कंपन्यांना हे पण सुचत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काकांना बसवरून काढलं.

आईने येऊन पर्स सोफ्यावर फेकली, ती कधी फेकत नाही. आज बसवर दुसराच ड्रायव्हर. बस सहदेव शेठच्या, कंपनीला तो भाड्याने देतो. काल संध्याकाळी शेठ गाडी बघायला आत चढला, सर्टिफिकेट वाचलं, फोटो काढला आणि कंपनीच्या साहेबांना पाठवला. साहेब बोलले, ज्याचं लक्ष एक्केचाळीस टक्के त्याच्या हातात आमच्या बायका देणार नाही. झालं. काका आता यार्डात गाड्या धुतायत.

डोकं फिरलंय माझं. कोणाकोणावर चिडू? त्या साहेबावर, ज्याने आयुष्यात स्टाफ बसमध्ये पाय ठेवला नसेल? शेठवर, ज्याला बावीस वर्षं दिसली नाहीत आणि एक कागद दिसला? हा रिसर्चचा आकडा आहे. आकडा काय असतो, कशासाठी असतो, काही कळत नसताना कोणी पण उचलतो आणि माणसाच्या पोटावर मारतो.

आई एवढंच बोलली की तो कागद बसमध्ये आला कुठून. मी बोलली, हा मुद्दाच नाहीये.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

हाफ डे टाकून मानपाड्याला शेठच्या यार्डात गेलेली. पूर्ण भाषण पाठ करून गेलेली. प्रायव्हसी, सॅम्पल साइज, सगळं. शेठने शांत ऐकून घेतलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. मग मोबाइलवर तो फोटो काढून माझ्यासमोर धरला.

"मॅडम, मी बारावी नापास. पण एवढं इंग्लिश वाचता येतं मला. फोटो माझ्या ड्रायव्हरचा, सही तुमच्या सरांची. ह्यात खोटं काय ते सांगा, आता फाडतो."

मी पर्स उचलून निघाली. असे लोक ना, शब्द फिरवण्यात एक नंबर.

बाहेर काका होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात पाइप. मला बघून पाणी बंद केलं, उन्हात कशाला आलीस म्हणून ओरडले. मी बोलली, काका, मी सगळं नीट करते. त्यांनी मान हलवली. मग पाइप गुंडाळता गुंडाळता, माझ्याकडे न बघता विचारलं, "पण पास झालेलो ना गं मी?"

रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्याने दोनदा विचारलं कुठे जायचं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शनिवारी पण ऑफिसला गेली. काकांच्या टेस्टचं रेकॉर्डिंग हळू करून बघितलं, पंधरा-सोळा वेळा.

ते माझ्याकडे बघतच नव्हते. आरशात बघत होते. टुंग वाजलं की नजर आरशात, पाऊण सेकंद, मग रस्त्यावर, मग पाय ब्रेकवर. आणि ब्रेक कसा, तर दाबतायत कळत पण नाही. त्या बावन्न-अठ्ठावन्नवाल्यांचं बघितलं. नजर जरा उशिरा, पण सरळ चौकोनात आणि धाडकन ब्रेक. मशीन खूश.

तिथूनच काकांना फोन लावला. आरशात का बघता? त्यांना प्रश्नच कळला नाही. मग बोलले, "अगं, मागे कोण उभं आहे ते न बघता ब्रेक कसा मारायचा? तुझी आई उभी असते तिथे डबा घेऊन."

आरसा माझ्या चौकोनाच्या बाहेर आहे. चार बोटं वर. तेवढंच.

सरांना फोन केला, त्यांना भेटायला नौपाड्याला त्यांच्या घरी गेली. त्यांनी रेकॉर्डिंग बघितलं आणि इंटरेस्टिंग बोलले. मला तो शब्द आता सहन होत नाही. मी बोलली, चौकोन बदलू, आरसा आत घेऊ, काकांचे मार्क परत काढू. नाही म्हणे. चाळीस जणांचा डेटा ह्याच चौकोनावर आहे, जानेवारीत रिपोर्ट क्लायंटकडे जायचाय. मध्येच सेटिंगला हात लावला तर अख्खी स्टडी कचऱ्यात. मग एकदम गोड आवाजात, "आणि सान्वी, चौकोन तूच काढलायस ना?"

हो, मी काढला. पण बघून "ठीक आहे" कोण बोललं? दहा सेकंद बघितलेलं त्यांनी, फोनवर बोलता बोलता. आता चौकोन माझा आणि स्टडी त्यांची.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मार्ग निघाला. मीच काढला, कोणाकडून अपेक्षा नाही आता. सरांना बोलली, काकांची परत टेस्ट घ्या, त्याच चौकोनावर, सेटिंगला हात नाही. शेठला बोलली, सत्तरच्या वर आले तर साहेबांना दाखवून बस परत द्यायची. दोघं हो बोलले. आता फक्त सत्तर आणायचे.

कसे आणायचे ते मला माहीत आहे. ह्या मशीनला काय हवं असतं हे माझ्याहून जास्त कोणाला माहीत असणार?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवस रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये क्लास. काका खुर्चीवर, हातात स्टीलचं ताट म्हणजे स्टिअरिंग. समोर टीव्ही, त्यावर मी चिकटपट्टीचा चौकोन केलाय. वर कॅलेंडरच्या खिळ्याला आईचा पावडरचा आरसा. मी मागे मोबाइल घेऊन. टुंग. नजर वर गेली की मी ओरडते, आरशात बघायचं नाही.

पहिल्या दिवशी वीसपैकी वीस वेळा वर गेली. काका स्वतःवरच हसत होते. बोलले, मान माझी आहे पण ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी मी आरशावर रुमाल टाकला, तर रुमालाकडे बघायला लागले. मग मी सांगितलं, काका, मागे कोणी नाहीच असं समजा. रिकामी बस आहे. त्यांनी डोळे मिटून घेतले जरा वेळ. बोलले, रिकामी बस मी फक्त यार्डात नेतो. मी बोलली, मग यार्डात नेताय असं समजा.

आज रुमाल काढला. वीसपैकी एकदा पण वर गेली नाही.

आई दारात भाजी निवडत बसलेली. बोलली, "बावीस वर्षांची सवय चार दिवसांत मोडलीस. शाब्बास."

आईच्या तोंडून शाब्बास मी दहावीनंतर ऐकलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

त्र्याऐंशी. त्र्याऐंशी! कॉलेजच्या पोरांपेक्षा जास्त. ब्रेक इतका कडक मारला की माझ्या हातातला टॅब उडून पुढे पडला, कोपरा फुटला. फुटू दे. शेठला रिपोर्ट तिथूनच पाठवला आणि खाली मुद्दाम लिहिलं की आता ह्यात खोटं काय ते सांगा.

काका उद्यापासून बसवर. नवीन सर्टिफिकेट केलं, ह्या वेळी मराठीत. त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं. लॅमिनेट करून आणू का विचारलं तर नको बोलले.

२ डिसेंबर, मंगळवार

सहदेव शेठने आमचा कॅमेरा विकत घेतला, त्याच्या बाराही बससाठी. म्हणजे सरांनी विकला. शेठला बोलले, बघा, एक्केचाळीसचा माणूस आम्ही दोन आठवड्यांत त्र्याऐंशीवर नेला. आम्ही. काकांना शिकवताना मला तरी कुठे दिसले नाहीत हे. स्टडीचंच सॉफ्टवेअर, तोच चौकोन, पहिला कॅमेरा काकांच्या बसमध्ये, कारण ते टॉपर. रोजचे मार्क संध्याकाळी शेठच्या मोबाइलवर. सलग तीन दिवस सत्तरच्या खाली गेला तो खाली उतरला.

मी सरांना विचारलं की ही तर खरी बस आहे, टुंग कुठे वाजणारे? तर म्हणे लक्ष ते लक्ष. मला आतून काहीतरी टोचत होतं, पण ते माझं क्रेडिट खाल्लं म्हणून असेल. जाऊ दे. काकांना रोज ब्याऐंशी, पंच्याऐंशी येतायत. शेठ स्वतः फोन करून बोलला, मॅडम, मानलं.

८ डिसेंबर, सोमवार

केशरबाई पडल्या.

आईच्या कंपनीत झाडूचं काम करतात, साठीच्या आहेत. गुडघे दुखतात म्हणून स्टॉप यायच्या आधीच उठून पुढे येऊन उभ्या राहतात, म्हणजे उतरायला वेळ मिळतो. वर्षानुवर्षं. बसमध्ये सगळ्यांना माहीत आहे. आज माजिवड्याच्या पुलाखाली एक बाइकवाला आडवा आला, काकांनी ब्रेक मारला, आणि त्या सरळ पुढे पायरीत. मनगट मोडलंय, कपाळाला चार टाके. बाइकवाल्याला ओरखडा नाही.

मी आधी केशरबाईंवरच चिडली. बस थांबायच्या आधी उठायचं कशाला, तिथे पाटी आहे ना मोठी.  आईने हात धुतले, कुकर लावला, आणि गॅससमोर उभ्या उभ्या बोलली, "दौलतभाऊंनी आरशात बघितलं नाही. आता कधीच बघत नाहीत. आम्ही बायका आपापसात बोलतो, भाऊंचं आजकाल आमच्याकडे लक्ष नसतं."

आजचे मार्क मी ऑफिसच्या लॉगिनवरून बघितले. एक्क्याण्णव. आतापर्यंतचे सगळ्यात जास्त.

९ डिसेंबर, मंगळवार

ऑफिसमधून लवकर निघून थेट काकांकडे गेली. कॉटवर बसलेले, युनिफॉर्म अंगावरच. दुपारी कळव्याच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन केशरबाईंना भेटून आलेले. त्या बोलल्या, माझंच चुकलं, मीच आधी उठली. 

मी बोलली, काका, तुम्ही आरशात बघायला लागा परत. उद्यापासूनच.

ते माझ्यावर आजपर्यंत कधी चिडले नाहीत. आज पण आवाज चढवला नाही, त्याने जास्त लागलं. "दोन्हीकडे कसं बघू, तूच सांग. वर बघितलं तर चौथ्या दिवशी पाइप हातात. नाही बघितलं तर बाई पायरीत. सकाळी साडेसहाला गाडी काढायचीय मला. कुठे बघू?"

 चहा पण न घेता मी उठली.

तिथून सरांना फोन लावला. चौकोन मोठा करा बोलली. ते बोलले जानेवारीनंतर. मी बोलली, बाईचं मनगट मोडलंय, सर. तर म्हणे, ती बस थांबायच्या आधी उठली होती ना? हे त्यांचं वाक्य ऐकून मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि मग आठवलं की हे वाक्य काल ह्याच वहीत मी लिहिलंय.

आता संध्याकाळचे साडेसात. समोर लॅपटॉप उघडा आहे. पासवर्ड माझ्याकडे आहे, चौकोन माझाच आहे. वरची रेघ चार बोटं ओढली की आरसा आत येतो. दोन मिनिटांचं काम. उद्या सकाळी काका वर बघतील आणि मार्क जाणार नाहीत. सरांना कळायला कदाचित आठवडा लागेल, कळलं की मी बाहेर, आणि तेवढ्यात ते परत रेघ खाली आणतील. बाकीच्या अकरा बसमध्ये ह्या महिन्यात जुनाच चौकोन बसणार, त्यांना कोण सांगणार?

दुसरं म्हणजे उघड लिहायचं. शेठला, आईच्या कंपनीला, क्लायंटला, सगळ्यांना एकच मेल. आमचा आकडा चुकीचा आहे, चौकोन मी चुकीचा काढला, सर्टिफिकेट माझी आयडिया, एक्केचाळीस खोटे होते. पण मग त्र्याऐंशी पण खोटे, ते मी ताटावर शिकवून आणलेत. शेठ तो मेल वाचून पहिलं काय करेल ते मला माहीत आहे. काका उद्याच खाली उतरतील, आणि त्यांच्या जागी एखादा धाडकन ब्रेक मारणारा बसेल, आईच्या बसवर.

मी एवढी चिडलेय, आणि आता कोणावर चिडायचं ते पण संपलंय.

कोणी वाचणार नाही असं लिहिलेलं मी सुरुवातीला. पण समजा वाचत असाल, तर खरंच सांगा, मला कोणीतरी सांगायला हवंय: रेघ गुपचूप ओढू, की मेल पाठवू?